आधी टाऊन हॉल: कोल्हापूरचा इतिहास आणि चित्रं पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी

कोल्हापूरला पहिल्यांदा येणाऱ्याचा कार्यक्रम बहुधा घरूनच ठरून आलेला असतो. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, मग न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा, आणि वेळ उरलाच तर पन्हाळा नाहीतर जोतिबा. या सगळ्या फिरण्यात रिक्षा एकदा तरी सीपीआर दवाखान्यासमोरून जाते. तिथं झाडांच्या आडून टोकदार कमानींची, उतरत्या छपराची एक दगडी इमारत दिसते. 'हे कुठलं चर्च?' असं कुणीतरी विचारतं आणि उत्तर मिळेपर्यंत रिक्षा दसरा चौकात पोचलेली असते.

ते चर्च नाही, टाऊन हॉल आहे. आत राज्य शासनाचं वस्तुसंग्रहालय आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावातल्या माणसांच्या घरात काय होतं आणि शंभर वर्षांपूर्वी इथले चित्रकार काय रंगवत होते, या दोन्ही गोष्टी इथं एकाच छपराखाली पाहायला मिळतात. माझा सल्ला सरळ आहे: न्यू पॅलेसच्या आधी टाऊन हॉल बघा. पॅलेसमध्ये राजघराण्याची ओळख होते, ती जरूर करून घ्या. पण गावाची ओळख टाऊन हॉलमध्ये होते, आणि ती आधी झाली तर पुढचं सगळं फिरणं वेगळं होतं.

वार, वेळ आणि ऋतू

पहिली गोष्ट म्हणजे सोमवार टाळा. सोमवारी टाऊन हॉल संग्रहालयाला साप्ताहिक सुट्टी असते. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकून येणारे नेमके इथं फसतात. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशीही दार बंद असू शकतं. कधी एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद असतं. त्यामुळे मुद्दाम दुरून येणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करून घ्या. मुक्कामाच्या लॉजवाल्याला किंवा सकाळी भेटलेल्या रिक्षावाल्याला विचारलं तरी चालतं, कोल्हापुरात असली माहिती द्यायला कुणी कंजुषी करत नाही.

सकाळी उघडल्या उघडल्या जाणं सगळ्यात चांगलं. दुपारकडे शाळांच्या सहली येतात. पन्नास पोरं एका दालनात शिरली की कुठल्याही कपाटासमोर नीट उभं राहता येत नाही. (पोरांचा दोष नाही, त्यांना बाई 'चला चला' करत पुढं ढकलत असतात.) अंबाबाईचं दर्शन आणि संग्रहालय एकाच सकाळी करायचं असेल तर मंगळवार-शुक्रवार नको. त्या दिवशी देवळाची रांग किती वेळ खाईल ते सांगता येत नाही. नवरात्रात तर गावातल्या रस्त्यांवर गाडी घालूच नका.

ऋतूचंही बघा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा पात्राबाहेर येते. २०१९ आणि २०२१ चे महापूर अजून कुणी विसरलेलं नाही. संग्रहालयानंतर मी तुम्हाला नदीकडे आणि रंकाळ्याकडे पाठवणार आहे, त्यामुळे दिवाळीनंतरचे आणि उन्हाळा तापण्याआधीचे महिने सोयीचे.

सोबत फार काही लागत नाही. तिकिटासाठी सुट्टे पैसे, छोटी वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली (संग्रहालयात ती पिशवीतून काढायची नाही). जमलं तर छोटा टॉर्च ठेवा. तो आतल्या कपाटांवर मारायचा नाही, बाहेरच्या दगडांसाठी आहे. का, ते पुढं सांगतो.

पोचायचं कसं

रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे कोल्हापूरकरांचं सीबीएस, दोन्ही जवळजवळ आहेत. तिथून रिक्षाला 'टाऊन हॉल, सीपीआरसमोर' एवढं सांगितलं की पुरे. नुसतं 'म्युझियम' म्हणालात तर तो तुम्हाला न्यू पॅलेसला नेऊन सोडेल, कारण बाहेरगावचे लोक त्यालाच म्युझियम म्हणतात. अंबाबाईच्या देवळापासून चालतही जाता येतं, वाटेत भवानी मंडप लागतो. स्वतःची गाडी असेल तर ती लॉजवरच ठेवा.

आधी इमारत, मग तिकीट

फाटकातून आत आल्यावर लगेच दाराकडे धावू नका. पाच मिनिटं बागेत उभं राहून इमारत बघा. ती १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. आराखडा चार्ल्स मँट या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचा. टोकदार कमानी आणि उंच उतरतं छप्पर ही युरोपातल्या गॉथिक शैलीची नक्कल आहे, म्हणून चर्चचा भास होतो.

आता मागं वळून समोरचा सीपीआर दवाखाना बघा. त्याची जुनी इमारतही मँटचीच. आणि पुढं न्यू पॅलेसला जाल तेव्हा लक्षात ठेवा, तोही मँटचाच. बांधकाम १८७७ ते १८८४. पण पॅलेसपर्यंत येता येता या माणसाची नजर बदललेली दिसते. टाऊन हॉल बांधताना तो इंग्लंड सोबत घेऊन आला होता. पॅलेसमध्ये मात्र घुमट, छत्र्या, देशी कोरीव खांब आणि मधोमध घड्याळाचा अष्टकोनी मनोरा असं सगळं एकत्र आलं. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्याच्याच आराखड्याचा. तो १८८१ मध्ये वारला, त्यामुळे न्यू पॅलेस पुरा झालेला त्यानं पाहिलाच नाही. एका अभियंत्याच्या तीन इमारती एका दिवसात आणि तयार झाल्या त्या क्रमानं बघायच्या असतील, तर त्यासाठीही टाऊन हॉलच आधी.

आवारातले दगड

बहुतेक लोक आवारातल्या शिल्पांसमोरून सरळ चालत जातात. मला तर वाटतं, ज्याला वेळ कमी आहे त्यानं आतलं थोडं सोडावं, पण बाहेरचे वीरगळ सोडू नयेत. वाचायला शिकलं की ते पूर्ण गोष्ट सांगतात, आणि शिकायला दहा मिनिटं पुरतात.

वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाची स्मारकशिळा. ती खालून वर वाचायची. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढत असलेला असतो. तिथं गाई दिसल्या तर तो गावाची जनावरं सोडवताना मेला, असं समजायचं. त्या काळी गुरं पळवणं ही नेहमीची लढाई होती. मधल्या चौकटीत दोन्ही बाजूंच्या अप्सरा त्याला हाताला धरून वर नेत असतात. त्याच्याही वर तो स्वर्गात, बहुधा शिवलिंगाची पूजा करताना. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: जोवर ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. लिंगाच्या जागी कधी जिनमूर्ती असते, मग तो वीर जैन होता हे कळतं. कोल्हापूर भागात जैन परंपरा जुनी आणि मोठी आहे, त्यामुळे हे लक्ष ठेवून बघा.

सतीचा दगड ओळखायला सोपा. एका खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. खाली कधी नवरा-बायकोची जोडी, वर पुन्हा चंद्र-सूर्य. पाहताना जीव जरा थांबतो.

टॉर्च इथं कामाला येतो. दगड शेकडो पावसाळे खाऊन झिजलेले आहेत. समोरून भर उजेडात बघितलं तर काहीच कळत नाही. सकाळचं तिरपं ऊन असेल तर उत्तम, नसेल तर टॉर्च बाजूला, दगडाला जवळजवळ समांतर धरा. सावल्या पडतात आणि पुसट आकृती वर येतात. शिलालेखाची अक्षरंही अशीच दिसतात. अक्षरं कन्नड वळणाची दिसली तर चकित होऊ नका. इथं दहाव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शिलाहारांचं राज्य होतं आणि त्यांचे पुष्कळ लेख कन्नड आणि संस्कृतात आहेत. शिल्पांना हात लावायचा नाही, त्यावर पाणी ओतायचं नाही, आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू तर अजिबात फिरवायचा नाही.

आत गेल्यावर: डोक्यात एक ढोबळ क्रम ठेवा

संग्रहालयात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो काळाचा. एका कपाटात सातवाहन, शेजारी मराठ्यांची तलवार. त्यामुळे आत शिरताना कोल्हापूरचा क्रम वहीत चार ओळींत लिहून घ्या. आधी सातवाहन काळ, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. मग बऱ्याच अंतरानं शिलाहार, तेराव्या शतकाच्या आरंभी त्यांना हरवणारे देवगिरीचे यादव, पुढं बहमनी आणि आदिलशाही. मग मराठे: ताराबाईंनी पन्हाळ्यावरून चालवलेलं राज्य, १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि करवीर (म्हणजे कोल्हापूर) अशा मान्य झालेल्या दोन गाद्या, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आलेली राजधानी. शेवटी १ मार्च १९४९ ला संस्थानाचं मुंबई प्रांतात विलीनीकरण. कुठल्याही वस्तूची पाटी वाचली की ती यातल्या कुठल्या ओळीत बसते ते बघायचं. एवढ्यानं निम्मा गोंधळ संपतो.

ब्रह्मपुरीच्या वस्तू

हे संग्रहालय उभं राहिलं तेच मुळी ब्रह्मपुरीमुळे. पंचगंगेच्या काठी, शिवाजी पुलाजवळ ही टेकडी आहे. कोल्हापूरची सगळ्यात जुनी वस्ती तिथली. १९४० च्या दशकात राजाराम कॉलेजातले प्रा. कुंदणगार यांच्या पुढाकारानं तिथल्या वस्तू उजेडात आल्या. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनं ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. जमिनीखाली विटांची घरं निघाली, भांडी, मणी, नाणी निघाली, आणि काशाच्या काही अशा वस्तू निघाल्या की त्यांनी कोल्हापूरचं नाव जगभरच्या पुराविदांना माहीत झालं.

त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे पोसायडनची मूर्ती. वीतभराहूनही लहान, त्यामुळे शोधावी लागते. मोठ्या पुतळ्याच्या अपेक्षेनं गेलात तर समोरून निघून जाल. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. उघडं, कसलेलं अंग, एका पायावर भार, एक हात उंचावलेला. त्या हातातला त्रिशूळ आता नाही, पण मुठीवरून तो असणार हे कळतं. शैली ग्रीक, काळ रोमन साम्राज्याचा.

इथं जरा थांबा आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. मग समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी कशाला आला? उत्तर व्यापारात आहे. कोकणच्या बंदरांत पश्चिमेकडची गलबतं लागत, माल घाट चढून देशावर येई आणि कोल्हापूर अशा वाटेवरचं गाव होतं. ज्याच्या घरात ही मूर्ती होती त्यानं तिची पूजा केली, की लांबून आलेली सुंदर चीज म्हणून ती जपून ठेवली, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण ब्रह्मपुरीवर रोमन घाटाची काशाची सुरईही सापडली आहे. म्हणजे पश्चिमेच्या वस्तूंची आवड असलेलं, त्या परवडणारं कुणीतरी इथं राहत होतं.

त्याच संग्रहातला काशाचा हत्ती आणि त्याच्यावर बसलेली माणसं बघा. हे काम मात्र अस्सल इथलं. पोसायडन आणि हा हत्ती एका पाठोपाठ एक बघितले की फरक आपोआप दिसतो. तिकडच्या कारागिराला शरीराचे स्नायू महत्त्वाचे वाटले, इकडच्याला हत्तीवर दाटीवाटीनं बसलेल्या मंडळींची गंमत. मला विचाराल तर मी हत्तीपाशी जास्त वेळ थांबतो.

नाणी: कंटाळा येण्याआधी

नाण्यांच्या कपाटासमोर सामान्य माणूस दहा सेकंद उभा राहतो. सगळी काळी, झिजलेली, एकसारखी. पण कोल्हापूरची सातवाहनकालीन नाणी खास आहेत, आणि त्यांतली शिशाची तर जरूर शोधा. एका बाजूला कमानी रचल्यासारखी टेकडी आणि झाड, दुसऱ्या बाजूला ताणलेलं धनुष्य आणि बाण. भोवती ब्राह्मी अक्षरांत राजाचं नाव. असे तीन राजे या नाण्यांवरून कळतात: वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर. तिघांच्याही नावात आधी आईचं कुळ येतं, हे वाचून वहीत टिपून ठेवा.

यातला कोण आधी आणि कोण नंतर हे कसं कळलं? एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्यानं आपला ठसा पुन्हा मारलेली नाणी सापडली. खालचा ठसा ज्याचा तो आधीचा, वरचा ज्याचा तो नंतरचा. एवढ्या साध्या युक्तीवर राजांचा क्रम लागला. टॉलेमी या भूगोलकारानं दुसऱ्या शतकात 'हिप्पोकुरा' इथल्या 'बलेओकुरोस' या राजाचा उल्लेख केला आहे. तो म्हणजे आपला विळिवायकुरच, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. हिप्पोकुरा कुठलं, यावर मात्र त्यांच्यात वाद आहे. तो वाद त्यांच्यावर सोडून आपण पुढं जाऊ.

शस्त्रं, हस्तिदंत आणि चंदनातलं कोरीवकाम यांच्याकडे एक फेरी मारली की पुरे. तलवारी, बंदुका बघायची हौस असेल तर न्यू पॅलेसमध्ये त्या पोटभर आहेत. इथला वेळ चित्रांसाठी वाचवा.

चित्रं: घाई न करता

कोल्हापूरला कलापूर म्हणतात, ते उगीच नाही. महादेव विश्वनाथ धुरंधरांचा जन्म इथला, १८६७ चा. पण धुरंधर मुंबईला गेले आणि मुंबईचे झाले. कोल्हापुरात राहून इथली हवा, इथलं पाणी, इथली संध्याकाळ रंगवणाऱ्यांची एक वेगळीच परंपरा आहे, आणि तिची सुरुवात आबालाल रहिमान यांच्यापासून करावी लागते.

आबालाल मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तिथं १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं. असा माणूस मुंबईत राहून साहेबांची व्यक्तिचित्रं करत सुखानं जगला असता. ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. पुढं ते कोटीतीर्थ तलावाच्या काठी फकिरासारखे राहिले, आणि तलाव, रंकाळा, नदी, झाडं हेच रंगवत बसले. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी आपली ढिगानं चित्रं कोटीतीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. ते १९३१ मध्ये वारले. जी चित्रं उरली त्यांची किंमत या गोष्टीमुळे आणखी कळते.

त्यांची निसर्गचित्रं आकारानं लहान असतात. म्हणून आधी दोन-तीन पावलं मागं उभं राहा. पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं ते शोधा. पुष्कळदा ते सापडतच नाही, सगळं एका धूसर उजेडात मिसळलेलं असतं. मग जवळ जा. आता तोच उजेड सुट्या सुट्या, बारीक फटकाऱ्यांत विस्कटतो. पुन्हा मागं या. हे मागं-पुढं केल्याशिवाय आबालाल कळत नाहीत, आणि छापील पुस्तकात तर नाहीच. रंकाळा तलावातला संध्यामठ, म्हणजे पाण्यात उभा असलेला दगडी मंडप, हा त्यांचा आवडता विषय. समोर त्याचं चित्र असेल तर मठाचा आकार, पाण्याची पातळी आणि उजेड कुठल्या बाजूनं येतोय, एवढं वहीत दोन रेषांत काढून घ्या. चित्रकला येत नसली तरी. संध्याकाळी त्याचा उपयोग होणार आहे.

पुढचं मोठं नाव बाबूराव पेंटर. मूळ आडनाव मेस्त्री, घरात सुतारकाम आणि कोरीवकाम. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले, आणि त्या पडद्यांनी दोघांचं नाव झालं. मग सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. बाबूरावांनी पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. व्ही. शांताराम याच कंपनीत तयार झाले. त्यामुळे कोल्हापूरच्या चित्रांसमोर उभं राहताना एक गोष्ट लक्षात असू द्या: इथं कॅनव्हास, नाटकाचा पडदा, मूर्तिकाम आणि सिनेमाचं पोस्टर ही कामं वेगवेगळ्या लोकांची नव्हती. तोच माणूस सकाळी व्यक्तिचित्र करायचा आणि दुपारी सिनेमाचा सेट रंगवायचा. चित्रांत प्रकाश कुठून येतो याकडे बघा. रंगमंचावरचा दिवा ओळखू येतो.

दत्तोबा दळवी, बाबा गजबर, रवींद्र मेस्त्री ही याच परंपरेतली पुढची नावं. जी. कांबळे हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्यांचं काम नक्की पाहिलंय. सरकारी कचेऱ्यांत लावलेलं शिवाजी महाराजांचं शासनमान्य चित्र त्यांच्या हातचं आहे, आणि तेही सिनेमाच्या पोस्टरांतूनच पुढं आलेले.

कुठल्या वेळी कुठली चित्रं भिंतीवर असतील हे संग्रहालयाच्या मांडणीवर असतं, तेव्हा मनात एकच चित्र धरून जाऊ नका. दालनात जे आहे त्यातली तीनच निवडा. बाकीच्यांवरून नजर फिरवा. त्या तिघांना प्रत्येकी पाच मिनिटं द्या. पाच मिनिटं चित्रासमोर उभं राहणं सुरुवातीला फार अवघड जातं, हात आपोआप मोबाईलकडे जातो. जाऊ द्या, पण परत या.

फोटो, मुलं आणि विचारपूस

फोटोचा नियम तिकीट खिडकीवरच विचारा, कारण तो बदलत असतो. परवानगी असली तरी फ्लॅश मारायचा नाही. कागदावरचे जलरंग उजेडानं उडतात. न्यू पॅलेसमध्ये आत फोटो काढायला बंदी आहे, तिथं रक्षकाशी हुज्जत घालून काही मिळत नाही.

मुलं सोबत असतील तर त्यांना सगळं दाखवायच्या फंदात पडू नका. फाटकातच कामगिरी द्या: हत्ती शोधा, धनुष्यबाण असलेलं नाणं शोधा, बांगड्यांचा हात शोधा. आजी-आजोबा असतील तर आधी एका जागी बसवून तुम्ही एक फेरी मारून या, काय दाखवायचं ते ठरवा, मग त्यांना थेट तिथं न्या.

पाट्या त्रोटक वाटल्या तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. 'साहेब, ब्रह्मपुरीचं सामान कुठल्या बाजूला?' असं नेमकं विचारलं की उत्साहानं दाखवतात. 'इथं बघण्यासारखं काय आहे?' असं विचारलं की हात सगळीकडे फिरतो, आणि ते साहजिकच आहे. अभ्यासासाठी एखादी वस्तू जवळून पाहायची किंवा मोजायची असेल तर कॉलेजचं पत्र घेऊन आधी रीतसर अर्ज करावा लागतो. शासकीय संग्रहालयात ऐनवेळच्या विनंतीवर कपाटं उघडत नाहीत. १८ मेचा जागतिक संग्रहालय दिन आणि नोव्हेंबरमधला १९ ते २५ तारखांचा जागतिक वारसा सप्ताह या सुमारास अशा संस्थांत व्याख्यानं, प्रदर्शनं होत असतात, त्यामुळे तेव्हा येणं जमलं तर बघा.

बाहेर पडल्यावर

टाऊन हॉलमधून दसरा चौक चालत जाण्यासारखा आहे. तिथं राजर्षी शाहू स्मारक भवनात कलादालन आहे. स्थानिक चित्रकार, कलाशिक्षक आणि विद्यार्थी यांची प्रदर्शनं तिथं लागत असतात. काय लागलंय हे नशिबावर, पण डोकावून यायला पाच मिनिटं लागतात. बऱ्याचदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला विचारा की आबालालांचं कुठलं चित्र त्याला आवडतं. पुढचा अर्धा तास गेला म्हणून समजा.

जेवण इथं उरकून घ्या. रस्सा सोसवणार नसेल तर आधी पांढरा घ्या, तांबड्याला नंतर हात घाला.

दुपारी न्यू पॅलेस. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. शस्त्रं, पोशाख, शिकारीच्या ट्रॉफ्या, आणि दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. पेंढा भरलेल्या जनावरांपाशी गर्दी होते, दरबार हॉलमध्ये त्या मानानं शांतता असते. राजघराण्याचं वास्तव्य याच वास्तूत आहे, त्यामुळे जिथं दोरी लावली आहे तिथं थांबायचं.

चित्रांची गोडी लागली असेल आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलादालन चुकवू नका. चंद्रकांत म्हणजे जुन्या मराठी सिनेमातले नायक. पण ते बाबूराव पेंटरांच्या तालमीतले चित्रकारही होते. आपलं राहतं घर आणि चित्रं त्यांनी शासनाला देऊन टाकली. पावडर शेडिंगमधली त्यांची निसर्गचित्रं जवळून बघा: ब्रशाचा फटकारा कुठंच दिसत नाही, रंगाची पूड घासून उजेड आणि सावली चढवलेली असते. पडद्यावर जिरेटोप घालून गर्जणारा माणूस घरी बसून इतकं हळुवार काम करत होता, हे पटायला वेळ लागतो. हेही शासकीय संग्रहालय आहे, तेव्हा इथंही सोमवार सोडूनच जा. इथं गर्दी नसते. कधीकधी दालनात तुम्ही एकटेच असता.

ब्रह्मपुरी आणि पंचगंगा घाट ऊन उतरल्यावर करा. टेकडीवर उत्खननाचे खड्डे वगैरे बघायला मिळतील अशी आशा ठेवू नका. ते केव्हाच बुजले, वर आजचं गाव वसलेलं आहे. पण नदी, पूल आणि टेकडीचा उंचवटा एका नजरेत आला की पहिल्या वस्तीला हीच जागा का आवडली असेल हे लगेच कळतं: पाणी पायाशी, आणि पूर आला तर चढायला उंचवटा. घाटावरची छोटी देवळं आणि समाध्या बघून घ्या. पावसाळ्यात यातलं बरंचसं पाण्याखाली असतं, तेव्हा खाली उतरू नका.

शेवटी रंकाळा, आणि वही बाहेर काढा. संध्यामठ म्हणजे तलावातच उभा असलेला काळ्या दगडाचा मंडप. पाणी भरलेलं असताना तो बराचसा बुडालेला असतो, उन्हाळ्याकडे हळूहळू उघडा पडतो. आबालालांच्या चित्रातली पाण्याची पातळी तुम्ही टिपून घेतली होती, ती आता समोरच्या पातळीशी ताडून बघा, मग ते चित्र वर्षाच्या कुठल्या दिवसांतलं असावं याचा तुम्हालाच अंदाज येईल. मठाकडे तोंड करून, भेळेच्या गाड्यांची गर्दी सोडून जरा पुढं चालत गेलात तर बसायला कट्टा मिळतो. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा. नंतर दिवे लागतात आणि ते रंग राहत नाहीत.